घरच्या चार झाडांचं रोझिन : द्रावक नाही, फक्त ताप आणि दाब

सांडशी (ऑन्टारियो)

नमस्कार मंडळी. मागच्या अंगणात गांजाची चार झाडं लावायला लागून तीन वर्षं झाली. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून हे कायदेशीर आहे. झाडं चार, आणि तीही घरटी, माणशी नव्हे. ऑन्टारियोत वय एकोणीस पूर्ण हवं. पहिली दोन वर्षं फुलं वाळवून बरण्यांत भरली, त्यातली निम्मी मित्रांना दिली. विकता येत नाही, आणि विकायचंही नाही. गेल्या हिवाळ्यात मात्र मी रोझिन, म्हणजे फुलं दाबून निघणारा घट्ट चीक, काढायला लागलो. त्याबद्दल मराठीत कुठे नीट लिहिलेलं सापडलं नाही म्हणून हा धागा.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. मी भोसरीच्या एका टूलरूममध्ये शिकलो आणि इथे बावीस वर्षं मोल्डिंगच्या प्रेसवर काढली. गांजातलं मला फार कळतं असा दावा नाही. ताप, दाब आणि वेळ या तीन गोष्टी कळतात, आणि रोझिनमध्ये यंत्राकडून एवढंच होतं.

मादी फुलावर जी पांढरी भुकटी दिसते ती भुकटी नसते. ती देठावर बसलेली इवलीशी गोल डोकी असतात, त्यांना ट्रायकोम म्हणतात. गांजाचा सगळा गुण आणि वास त्या डोक्यांतल्या चिकात. फूल पिशवीत घालून दोन तापलेल्या प्लेटांमध्ये दाबलं की ती डोकी फुटतात, चीक पातळ होतो आणि पिशवीच्या जाळीतून बाहेर कागदावर येतो. तेच रोझिन. ब्युटेन नाही, अल्कोहोल नाही, चीक विरघळवणारं कुठलंही द्रावक नाही, मागे काही उडवून लावायला लागत नाही. उसाच्या चरकातून रस निघतो, तसंच.

माझा पहिला प्रयत्न फसला. सात ग्रॅम फुलं, प्लेटा ११५ अंशांवर, आणि जॅक अंगातला सगळा जोर लावून दाबला. निघालं जेमतेम ०.६ ग्रॅम, रंग करपलेल्या गुळाचा, वास जळक्या गवताचा. पिशवी एका कोपऱ्यात फुटली आणि फुलाचा चुरा चिकात मिसळला, तो वेगळा काढणं शक्यच नव्हतं. वर्षभर वाढवलेलं झाड होतं हो. मला फार लागलं ते.

तीन चुका होत्या.

एक, फुलं कडक वाळलेली होती. कोरडं फूल स्पंजासारखं वागतं, सुटलेला चीक तेच परत पिऊन टाकतं. आता दाबण्याआधी दोन-तीन दिवस बरणीत ६२ टक्के आर्द्रता राखणारी पुडी टाकून ठेवतो. देठ वाकवला की तटकन तुटू नये, किंचित लवावा. पण ओलं फूलही नको. पाण्याची वाफ होते, चीक फेसाळतो आणि पिशवी फुटते.

दोन, ताप. फुलांसाठी मी आता ८५ ते ९५ अंश सेल्सियसच्या मध्ये राहतो. कमी तापाला वास टिकतो आणि माल घट्ट निघतो, जास्त तापाला माल वाढतो, पातळ होतो आणि वास जातो. सगळ्यांनी लक्षात ठेवावं की कंट्रोलरवरचा आकडा प्लेटच्या पोटातल्या थर्मोकपलचा (ताप मोजणाऱ्या तारेचा) असतो, पृष्ठभागाचा नव्हे. माझ्या प्लेटेत आठ अंशांचा फरक निघाला. पृष्ठभागावर टेकवायचा तापमापक घेऊन एकदा मोजा आणि यंत्रावर चिठ्ठी चिकटवून ठेवा.

तीन, दाब. याबद्दल इंटरनेटवर सगळ्यात जास्त गोंधळ दिसतो. लोक वीस टनी प्रेस घेतात आणि वीस टन लावायला बघतात. दाब टनांत मोजायचा नसतो, चौरस इंचावर किती पौंड पडतात ते मोजायचं असतं, आणि क्षेत्रफळ प्लेटचं नव्हे, पिशवीचं धरायचं असतं. दोन इंच बाय चार इंच पिशवी म्हणजे आठ चौरस इंच. फुलांना चौरस इंचाला पाच-सहाशे पौंड पुष्कळ झाले. सहाशे गुणिले आठ म्हणजे ४८०० पौंड, म्हणजे अडीच टनसुद्धा नाही! माझ्या सहा टनी जॅकने मी त्या दिवशी चौरस इंचाला दीड हजार पौंड लावत होतो. फुलातली मेणं, हरितद्रव्य, सगळंच त्या दाबाने बाहेर आलं.

दाबायची रीत अशी. प्लेटा तापल्या की पिशवी कागदात ठेवून फक्त टेकतील एवढ्याच मिटायच्या. अर्धा-पाऊण मिनिट काहीही करायचं नाही, फूल आतपर्यंत तापू द्यायचं. कडेला पहिले थेंब चमकले की दाब हळूहळू वाढवत न्यायचा, पुढच्या दीड मिनिटात पूर्ण दाबापर्यंत. वाहणं थांबलं की सोडायचं. आणखी मिनिटभर ठेवलं तर थोडं जास्त निघेल, असं वाटतं. निघतंही. पण ते आधीच्या चांगल्या मालात मिसळून त्याचा रंग घालवतं.

दुसऱ्या खेपेला त्याच झाडाच्या सात ग्रॅम फुलांतून १.२ ग्रॅम निघालं. काकवीच्या रंगाचं, आणि बरणी उघडली की खोलीभर लिंबाच्या सालीचा वास.

विचारा काय विचारायचं ते.

अबोली (एडमंटन)

दादा, फार उपयोगी लिहिलंत. माझ्याकडे प्रेस नाही आणि तीन-चारशे डॉलर आत्ता घालायचे नाहीत. केस सरळ करायच्या चिमट्याने करतात असं वाचलं. जमेल का?

सांडशी

जमतं, अबोली. मुळात ही रीत २०१५च्या सुमाराला अमेरिकेत पसरली ती त्या चिमट्यामुळेच. एखादी छोटी कळी कागदात धरून दाबायची, एवढंच त्यातून होतं. अडचण अशी की बहुतेक चिमट्यांचा सगळ्यात कमी ताप १२० च्या वर असतो आणि दाब हाताचा, म्हणजे एका टोकाला जास्त, दुसऱ्याला कमी. एकदा करून बघायला ठीक. त्यावरून पद्धतीबद्दल मत बनवू नका.

आणि कागद! ओव्हनमध्ये चालणारा सिलिकॉनचा थर असलेला पार्चमेंट पेपर घ्या. आपल्याकडे सगळ्याच कागदाला बटर पेपर म्हणतात, त्यातून घोटाळा होतो. मेणकागद घेतलात तर मेण वितळून मालात जाईल.

खाडीपलीकडे (कॅलिफोर्निया)

सांडशीदादा, तुम्ही "ब्युटेन नाही" म्हणून एका वाक्यात पुढे गेलात. मला तिथे थांबायचं आहे.

आम्ही राहतो त्या गल्लीत काही वर्षांपूर्वी एका घराच्या गॅरेजचं दार उडालं. आतला मुलगा वीस-बावीसचा. ब्युटेनने तेल काढत होता. गॅरेज बंद, थंडी होती म्हणून. ब्युटेन हवेपेक्षा जड असतो, तो वर जात नाही, जमिनीलगत साचत राहतो. वॉटर हीटरची ठिणगी खालीच असते. मुलगा वाचला, पण त्याचे हात मी नंतर पाहिले आहेत. त्याची आई अजून भेटली की त्या दिवसाबद्दल बोलते.

म्हणून कुणी मला विचारलं की रोझिनच का, तर माझं उत्तर चवीबद्दल नसतं. घरात ज्वलनशील वायू सोडायचा नाही, हा पहिला नियम. आमच्याकडे २०१६च्या प्रपोझिशन ६४ने (मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्याने) २१ वर्षांवरच्यांना घरी सहा झाडं आणि जवळ आठ ग्रॅमपर्यंत अर्क चालतो. पण ज्वलनशील द्रावकाने घरी अर्क काढणं हा गुन्हा आहेच, आणि तो असायलाच हवा.

सांडशी

ताई, बरं केलंत लिहिलंत ते. कॅनडाच्या कायद्यातही घरी ब्युटेन, प्रोपेन, नॅफ्था असले द्रावक वापरून अर्क काढायला स्पष्ट बंदी आहे. प्रेसला नाही.

प्रेसचे स्वतःचे धोके आहेत, तेही सांगतो. प्लेटा मिटताना बोट कधीही आत नाही, पिशवी सरळ करायलासुद्धा नाही. मी सांडशी वापरतो, नाव त्यावरूनच घेतलंय. हीटरच्या प्लेटांना अर्थिंग आहे का ते मीटरने तपासा, स्वस्त यंत्रांत ते सुटलेलं असतं. आणि जॅकच्या समोर तोंड आणून वाकून बघू नका. कडेला बसा.

माणदेशी (पुणे)

मी वाचतोय. इथे आमच्या गावाकडे ओढ्याकाठी हे झाड आपोआप उगवतं. मग इथे घरी केलं तर? चार झाडं काय आणि चाळीस काय. शिवाय भांग तर चालतेच ना आपल्याकडे.

पश्चिमवारा (मुंबई, वकिली करतो)

माणदेशी, भारतात हे करू नका. स्पष्ट लिहितो, कारण "भांग चालते" या समजुतीपायी तरुण मुलं अडकलेली मी पाहिली आहेत.

१९८५च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांच्या केंद्रीय कायद्यात, तीन गोष्टी वेगळ्या आहेत. झाडाच्या फुलोऱ्याला गांजा म्हटलंय. पानं आणि बिया, सोबत फुलोरा नसेल तर, त्या व्याख्येच्या बाहेर आहेत, म्हणून भांग केंद्रीय कायद्यातून सुटते. ती राज्याच्या कायद्याकडे जाते, आणि महाराष्ट्रात दारूबंदीच्या कायद्याखाली तिलाही परवाना लागतोच. तिसरी व्याख्या चरसाची : झाडापासून वेगळी केलेली राळ, कोणत्याही रूपातली, कच्ची असो वा शुद्ध केलेली.

आता प्रेस काय करतं ते बघा. ते राळ, म्हणजेच चीक, वेगळी करतं. म्हणजे प्लेटांतून थेंब बाहेर आला त्या क्षणी तुमच्या हातात कायद्याच्या भाषेत चरस आहे. गांजाची अल्प मात्रा एक किलोपर्यंत धरतात, चरसाची शंभर ग्रॅमपर्यंत. व्यापारी मात्रा गांजाची वीस किलो, चरसाची एक किलो, आणि तिथून दहा ते वीस वर्षं. अल्प मात्रेलाही वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. झाड लावणं हा पुन्हा वेगळा गुन्हा आहे, "आपोआप उगवलं" हे न्यायालयात सिद्ध करत बसावं लागतं. स्वतःपुरतं म्हणून सूट नाही.

आणि परदेशातल्यांनाही एक विनंती. येताना आईवडिलांना गुडघ्याला लावायला म्हणून एक डबी सुद्धा आणू नका. कॅनडातून सीमेपलीकडे नेणं तिथल्या कायद्यानेही गुन्हाच आहे, मग पुढचा देश कुठलाही असो.

माणदेशी

कळलं दादा. विचारलं ते बरं झालं. पण धागा वाचत राहणार, मला यातलं यंत्र आवडलं.

खाडीपलीकडे

पश्चिमवारांच्या मुद्द्याला जोडून : अमेरिकेत ज्यांचं नागरिकत्व अजून झालेलं नाही, एच-वनवर आहात, ग्रीन कार्डवर आहात, त्यांनी राज्याच्या कायद्यावर विसंबू नये. केंद्रीय कायद्यात गांजा अजून बंदच आहे. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यासमोर "हो, घेतला होता" एवढं बोलणंही अंगाशी येऊ शकतं, अटक झालेली नसली तरी. आमच्या मंडळातली मुलं हे हलक्यात घेतात म्हणून सांगते.

सांडशी

कॅनडात पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) असलेल्यांनी गाडीचं बघा. डिसेंबर २०१८ पासून नशेत गाडी चालवण्याची कमाल शिक्षा दहा वर्षं केली आहे, आणि त्यामुळे तो इमिग्रेशनच्या दृष्टीने गंभीर गुन्हा ठरतो. पीआर जाऊ शकतं. बाहेर जवळ बाळगायची मर्यादा तीस ग्रॅम वाळलेल्या फुलांची आहे, पण एक ग्रॅम फूल म्हणजे पाव ग्रॅम अर्क असा हिशोब आहे. म्हणजे रोझिन साडेसात ग्रॅमच. भाड्याच्या घरात किंवा कॉन्डोत असाल तर झाड लावण्याआधी करार वाचा.

ओवा (कॅल्गरी)

मी फार्मासिस्ट आहे. धागा चांगला चाललाय, पण अजून कुणीच हे लिहिलं नाही की हातात आलेली वस्तू फुलापेक्षा किती तीव्र आहे. फुलात टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, साधारण १५ ते २५ टक्के. रोझिनमध्ये ६० ते ८०. फुलाच्या सवयीने रोझिन घेतलं तर चौपट जातं. तांदळाच्या दाण्याच्याही अर्ध्यापासून सुरुवात करावी.

खाण्यात घालणार असाल तर एक हिशोब करून दाखवते. प्रेसमधून आलेल्या रोझिनमध्ये बहुतेक टीएचसीए असतं, म्हणजे आम्ल रूप. ते तसंच खाल्लं तर नशा जवळजवळ होत नाही. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर अर्धा-पाऊण तास तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी तयार होतं. वजन घटून ०.८७७ पट होतं. आता एक ग्रॅम रोझिन घ्या, ७० टक्के टीएचसीए. ७०० मिलिग्रॅम गुणिले ०.८७७ म्हणजे ६१४ मिलिग्रॅम टीएचसी. कॅनडात दुकानात मिळणाऱ्या खाण्याच्या एका पुड्यात किती असायला परवानगी आहे? दहा मिलिग्रॅम. म्हणजे नखाएवढ्या गोळ्यात एकसष्ट पुडे. नवख्या माणसाला अडीच मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, असं सरकारी आरोग्य खातं सांगतं. परिणाम जाणवायला दोन तास लागू शकतात, पूर्ण चढायला चार. "काही होत नाही" म्हणून दुसरा तुकडा खाणारेच रात्री इमर्जन्सीत येतात.

वॉरफरिन घेणाऱ्यांनी, फिट्सच्या औषधांवर, विशेषतः क्लोबाझॅमवर असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा तसा आजार झालेला असेल तर यापासून लांब राहावं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना नको. आणि रोज घेणाऱ्याला सतत उलट्या होत असतील, गरम पाण्याखाली उभं राहिलं की बरं वाटत असेल, तर ते पित्त नव्हे. त्याला औषध एकच, बंद करणं. डॉक्टरांना खरं सांगा, ते पोलिसांना सांगत नाहीत.

बरणीला कुलूप. लेबल. लहान मुलांना ते गुळाच्या चिक्कीसारखं दिसतं. एवढं एक माझ्यासाठी कराच.

सांडशी

ओवाताई, आजच औषधांच्या पेटीला कुलूप लावलं. नात येते दर रविवारी. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

नगरकर

थोडं जुनं सांगू का? धाग्याशी संबंध आहे.

१८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने भारतातल्या भांग-गांजा-चरसाच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला होता. त्याच्या अहवालात आमचा अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा मुंबई इलाख्यातला गांजाच्या लागवडीचा भाग म्हणून येतो. मध्य प्रांतात खांडवा, बंगालात राजशाहीतलं नौगाव. नर झाडं वेळीच ओळखून उपटून टाकायची, म्हणजे मादीला बी धरत नाही आणि फुलोरा चिकाने भरतो, हे त्या शेतकऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. आज कॅलिफोर्नियात यालाच बिनबियांचं फूल म्हणून चढा भाव मिळतो.

पण मला सांगायचं ते पुढे आहे. कापलेला फुलोरा रचून माणसं त्यावर पायांनी चालत, तुडवत. उन्हाचा ताप आणि पायांचा दाब. त्याने चीक सुटे आणि फुलोरा एकमेकांना चिकटून चपटा होई. नौगावचा चपटा गांजा त्यानेच होई. चीक वेगळा काढायचा नव्हता, आतच धरून ठेवायचा होता, एवढाच फरक. हिमालयात उलट : कुलूच्या पार्वती खोऱ्यात मलाण्याला ओलं फूल तळहातांत चोळून हाताला चिकटलेला चीक खरवडतात. आणि यारकंदहून लेहमार्गे पंजाबात येणारा चरस हा चाळून काढलेल्या भुकटीचा असे.

चोळणं, चाळणं, तुडवणं. तिन्ही बिनद्रावकाच्याच रीती आहेत. सांडशींचा प्रेस मला त्या तुडवणाऱ्या पायांच्या जवळचा वाटला.

सांडशी

नगरकर, हे वाचून अंगावर काटा आला. माझं आजोळ श्रीगोंद्याचं. कुणी कधी बोललं नाही याबद्दल.

किनारा (ब्रिटिश कोलंबिया)

मी इथे पाच वर्षं करतोय. सांडशींचं सगळं पटलं, पण एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. फुलं थेट दाबणं म्हणजे चांगल्या मालाचं नुकसान. आधी चाळून किंवा बर्फाच्या पाण्यात ढवळून ट्रायकोमची डोकी वेगळी करा, ती वाळवा आणि मग दाबा.

बर्फाचं पाणी म्हणजे काय : फुलं बर्फ घातलेल्या पाण्यात हलक्या हाताने ढवळायची. थंडीने डोकी ठिसूळ होऊन देठावरून तुटतात, पाण्यापेक्षा जड म्हणून खाली बसतात. मग ते पाणी एकाखाली एक बारीक होत जाणाऱ्या जाळ्यांतून गाळायचं. ७३ ते १२० मायक्रॉनच्या मध्ये जे अडकतं ते उत्तम. पाणी द्रावक नाही, कारण चीक पाण्यात विरघळतच नाही. फूल न वाळवता ताजंच गोठवून असं केलं तर त्याच्यापासून निघतं ते लाइव्ह रोझिन. दुकानात सगळ्यात महाग तेच.

याला फुलापेक्षा कमी ताप लागतो. मी ७५ ते ८० वर दाबतो, पिशवी २५ किंवा ३७ मायक्रॉनची, आणि दाब अगदीच थोडा. पाच ग्रॅममधून तीन-सव्वातीन ग्रॅम रोझिन निघतं आणि पिशवीत राहतो तो नुसता कोंडा.

पण ओली भुकटी नीट वाळली नाही तर आत बुरशी धरते. बाहेरून दिसतही नाही. फ्रीझ ड्रायर (गोठवून वाळवणारं यंत्र) नसेल तर थंड खोलीत कागदावर बारीक किसून, पसरून, आठवडाभर धीर धरा. घाई असेल तर हे करूच नका.

सांडशी

किनारा, चाळलेल्या भुकटीचं मी मान्य करतो. छाटणीतली बारीक पानं मी आता चाळून दाबतो, माल खरंच स्वच्छ येतो. पण माझी चार झाडं. त्यातलं अर्धं पाण्यात घालून चुकलं तर पुढच्या ऑक्टोबरपर्यंत थांबायचं. फूल थेट दाबलं तर १५ ते २० टक्के हमखास हातात येतं, आणि चुकलं तरी सात ग्रॅमच चुकतात. शिकणाऱ्याने फुलापासूनच सुरुवात करावी, हे माझं मत अजून तेच आहे.

ज्याच्यावर तुम्ही आणि मी दोघेही सहमत असू ते हे : प्रेस काहीही घालत नाही. फुलात जे होतं तेच बाहेर येतं, फक्त चार-पाच पट दाट होऊन. वास असेल तर वास दाट होतो. झाडावर फवारलेलं काही असेल तर तेही दाट होतं. २०१६-१७ मध्ये इथे परवानाधारक उत्पादकांचाही माल बुरशीनाशकासाठी परत मागवला गेला होता. मायक्लोब्युटानिल. द्राक्षावर मारतात ते. तापवलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो. तेव्हापासून मी माझ्या झाडांवर साबणाच्या पाण्याशिवाय काही मारत नाही, तेही फुलोरा धरायच्या आत. भुरी दिसलेली फांदी तोडून कचऱ्यात. तिचं रोझिन करून "वाचवायचं" नाही.

किनारा

यावर शंभर टक्के सहमत. माझ्याकडे लोक जुनी, वास गेलेली फुलं घेऊन येतात, "दाबून दे, कशालातरी लागेल". मी देत नाही. उजेड आणि हवेने टीएचसीचं सीबीएन नावाचं दुसरंच द्रव्य झालेलं असतं, माल काळपट येतो, घशाला लागतो. दोन आठवडे थंड अंधाऱ्या जागी सावकाश वाळवलेलं आणि महिनाभर बरणीत मुरवलेलं फूल आणा, मग बघा.

अबोली

वास वेगवेगळा का येतो ते सांगाल का? एकाच दुकानातून बी आणलं तरी एक झाड कैरीसारखं, एक मिऱ्यासारखं.

ओवा

अबोली, ते टर्पीन. नाव नवं वाटेल पण तुमच्या मिसळणाच्या डब्यात सगळे आहेत. मायर्सिन आंब्यात, लिमोनीन लिंबाच्या सालीत, कॅरिओफायलीन मिऱ्यात आणि लवंगेत, लिनॅलूल धण्यात. पाइनीनचं नावच पाइनवरून आहे. ही सगळी तेलं उडून जाणारी. धणे भाजताना घरभर वास सुटतो म्हणजे धण्यातून तो गेला, तसंच हे. म्हणून सांडशी आणि किनारा दोघेही कमी तापावर अडून बसलेत.

सांडशी

ठेवायचं कसं तेही याच्यातच आलं. काचेची छोटी बरणी, वरपर्यंत भरलेली, फ्रिजमध्ये. सिलिकॉनच्या डब्या फार दिवसांसाठी नकोत, वास शोषतात. फ्रिजमधून काढली की लगेच झाकण उघडायचं नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. नाहीतर हवेतली वाफ आत धरते. ताजं रोझिन काचेसारखं असतं, काही दिवसांनी आपोआप लोण्यासारखं फुटतं. खराब झालं म्हणून टाकू नका. बऱ्याच जणांना तेच आवडतं.

अबोली

तीन आठवड्यांनी कळवते आहे. इथल्याच एका मराठी काकांनी त्यांचा जुना प्रेस वापरायला दिला. सांडशीदादा, तुम्ही सांगितलं तसं आधी पृष्ठभागाचा ताप मोजला, अकरा अंशांचा फरक निघाला!

गांजाची फुलं थोडीच होती म्हणून पहिले चार दिवस हॉप्सवर हात बसवला. बिअरचं सामान मिळतं त्या दुकानात वाळलेली हॉप्सची फुलं मिळतात. एकाच कुळातली झाडं आहेत ही, हॉप्सच्या फुलातही पिवळा चीक असतो. माल फार थोडा आला आणि कडू जहर, पण पिशवी कशी भरायची, कोपरे कसे दुमडायचे, दाब कसा चढवायचा हे सगळं त्यावर शिकले. पहिल्या तीन पिशव्या फुटल्या. चौथी नाही.

मग माझी स्वतःची सात ग्रॅम. ८८ अंश, ९० मायक्रॉनची पिशवी, सगळं मिळून दोन मिनिटं दहा सेकंद. १.१ ग्रॅम. एका बाजूला जास्त वाहिलं, दुसऱ्या बाजूला कमी. असं का?

सांडशी

अबोली, वा! पहिल्याच खेपेला १.१ म्हणजे फार चांगलं. मला माझे ०.६ आठवले आणि खरंच आनंद झाला.

एका बाजूला जास्त म्हणजे प्लेटा समांतर नाहीत. टूलरूममध्ये आम्ही निळा रंग लावून छाप बघायचो. घरी सोपं आहे : प्लेटा पूर्ण थंड असताना दोन पांढऱ्या कागदांमध्ये कार्बन पेपर ठेवून हलकंच दाबा. कुठे गडद उमटतं ते बघा. गडद बाजूचे बोल्ट अर्धा आटा सैल करा, पुन्हा छाप घ्या. चार-पाच छापांत जुळतं. जुळलं की छापाचा फोटो इथे टाका, मी बघतो.

अबोली

कार्बन पेपर इथे कुठे मिळतो ते शोधते. रविवारी प्लेटा थंड असताना बसते.